आशाताईंना पगार का नाही? वीस वर्षांपूर्वीच्या एका निर्णयाची पार्श्वभूमी

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने गावात घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आशा स्वयंसेविकांच्या मासिक मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. ती नोव्हेंबर २०२३ पासून लागू धरली गेली आणि राज्याचा वाटा ५,००० वरून १०,००० रुपयांवर गेला. अनेक बातम्यांमध्ये याचं वर्णन ‘आशांची पगारवाढ’ असं झालं. आशांना पगार नाही, कधी नव्हता आणि वाढीनंतरही नाही. त्यांना मिळतो तो मोबदला. हा फरक कागदावर जपण्यासाठी केंद्राने आणि राज्यांनी जेवढा आटापिटा केला आहे, तेवढा या योजनेतल्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीसाठी केलेला दिसत नाही. म्हणून इथे आशा काय काम करतात यापेक्षा, त्यांना पगार द्यायचा नाही हे कधी आणि कशामुळे ठरलं, ते पाहू.

गावातल्याच बाईला आरोग्याचं थोडं शिक्षण देऊन कामाला लावायचं, ही कल्पना जुनी आहे. सुईणींना प्रशिक्षण देण्याचे प्रयत्न इंग्रजांच्या काळातच सुरू झाले होते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आराखडा दिला, आणि पुढे उपकेंद्रातली नर्सबाई खेड्यापर्यंत पोचली. पण चार-पाच गावांचा भार असलेली नर्सबाई प्रत्येक उंबरठ्यावर जाऊ शकत नव्हती. ती आणि घर यांच्यातली जागा कोणी भरायची, हा प्रश्न सत्तरच्या दशकात ऐरणीवर आला.

त्याचं एक उत्तर आपल्याकडेच, नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला मिळालं. १९७० मध्ये एका डॉक्टर दांपत्याने तिथे काम सुरू केलं. गावांनी निवडून दिलेल्या, बहुतेक निरक्षर आणि कित्येकदा दलित असलेल्या बायकांना त्यांनी बाळंतपण, जुलाब, पोषण, स्वच्छता यांचं ज्ञान दिलं. शिकणं एकदाच होऊन संपत नसे, त्या पुन्हा पुन्हा केंद्रावर येत आणि गावातले अनुभव एकमेकींना सांगत. १९७८ मध्ये अल्माआटा इथे प्राथमिक आरोग्य सेवेचा जागतिक जाहीरनामा झाला, तेव्हा जामखेडचं उदाहरण जगाला माहीत होतं.

दुसरं उत्तर सरकारी होतं, आणि पुढचं सगळं त्यावरूनच ठरलं. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्राने दर हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना आणली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि महिन्याला ५० रुपये मानधन. निवड गावाने करायची होती. ती गावातल्या वजनदार मंडळींनी केली आणि बहुसंख्य जागा पुरुषांनी भरल्या. ज्यांच्या घरात बाळंतीण आहे अशा बाया या पुरुषांशी काय बोलणार, हे कोणाला सुचलं नाही असं नाही, पण तेव्हा ते महत्त्वाचं वाटलं नसावं. पुढे नाव बदलत गेलं: कार्यकर्त्याचा स्वयंसेवक झाला, स्वयंसेवकाचा ग्राम आरोग्य मार्गदर्शक झाला. पन्नास रुपये मात्र पन्नासच राहिले. हे लोक संघटित झाले, मानधन वाढवा म्हणाले, कोर्टात गेले. औषधांचा पुरवठा आटत गेला आणि देखरेख नावाला उरली. ज्या राज्यांत योजना शिल्लक होती तिथे ती केवळ खर्चाचं एक कलम बनली. २००२ मध्ये केंद्राने पैसे देणं थांबवलं.

या अपयशाचे दोन अर्थ काढता येत होते. एक असा की माणसं चुकीची निवडली, त्यांना औषधं, पाठबळ आणि सतत शिक्षण मिळालं नाही. दुसरा असा की दरमहा ठरावीक रक्कम दिली की माणूस स्वतःला कर्मचारी समजू लागतो, हक्क मागतो, आणि मग काम होवो न होवो, योजना बंद करता येत नाही. माझ्या मते पहिला अर्थ सत्याच्या जास्त जवळ आहे. आशांच्या नव्या योजनेत निवडीबाबत तो मान्यही झाला: या वेळी फक्त स्त्रियाच घ्यायच्या असं ठरलं. पैशांबाबत मात्र दुसरा अर्थ जिंकला.

दरम्यान आणखी दोन प्रयोग झाले. गडचिरोलीत १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. तिथे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी शिकलेली गावातली बाई बाळाचा जंतुसंसर्ग ओळखू शकते आणि त्यावर उपचारही करू शकते, हे तेव्हाच्या अनेक बालरोगतज्ज्ञांना पचायला जड गेलं. दुसरा प्रयोग छत्तीसगडचा. २००२ च्या सुमाराला तिथे पाड्या-पाड्यांवर ‘मितानिन’ निवडल्या गेल्या, म्हणजे मैत्रिणी. सुरुवातीला त्यांना जवळपास काहीच मिळत नव्हतं, आणि हे जाणूनबुजून होतं. सरकारी पगार सुरू झाला की ती खात्याची सगळ्यात खालच्या पायरीवरची नोकर होईल, आणि दवाखान्यात डॉक्टर का नाही हे विचारायची तिची ताकद जाईल, असं मितानिनवाल्यांचं म्हणणं होतं.

ज्यातून आशा आल्या ते राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झालं. त्याची तयारी चालू असताना हे सगळे धागे एका टेबलावर आले. आशाला पगार द्यावा असं म्हणणारे होते. पगार दिला तर लोकांमधली आरोग्य चळवळ मरेल असं म्हणणारे होते. आणि लाखो बायकांचा कायमचा पगार तिजोरीला झेपणार नाही असं म्हणणारे तर होतेच. यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचं एरवी एकमेकांशी पटत नसे. चळवळीतल्या लोकांना आशा सरकारपासून मोकळी हवी होती, तर वित्तखात्याला सरकार तिच्यापासून मोकळं हवं होतं. ‘स्वयंसेविका’ या एका शब्दावर दोघांची सही झाली. ती सही एवढी महाग पडेल असं चळवळीतल्या अनेकांना तेव्हा वाटलं नव्हतं.

त्या वेळच्या मार्गदर्शक सूचना आज वाचल्या तरी चकित व्हायला होतं. आशा ही मानद स्वयंसेविका असेल, तिला पगार किंवा मानधन मिळणार नाही, आणि तिच्या कामाची आखणी अशी असेल की तिच्या नेहमीच्या पोटापाण्याच्या उद्योगात अडथळा येऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. पुढच्या काळातल्या सूचनांमध्ये कामाचा अंदाजही आहे: दिवसाला दोन-तीन तास, आठवड्यातले साधारण चार दिवस. बाळंतपण रात्री दोनला येतं, हे बहुधा सूचना लिहिणाऱ्यांना माहीत असावं. ते तासांत कसं बसवायचं, याचं उत्तर तिथे नाही.

मग पैसे द्यायचे कसे? कामागणिक. संस्थेत बाळंतपण झालं की इतके, लसीकरण पूर्ण झालं की इतके, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला कोणाला तयार केलं की इतके, क्षयरोग्याचा औषधाचा कोर्स पूर्ण करून घेतला की इतके. कागदावर हे न्याय्य वाटतं, कारण काम करेल तिला पैसे. पण मोजता येतं त्याचाच दर ठरतो. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईजवळ बसून राहणं, रक्त कमी असलेल्या पोरीच्या सासूला समजावणं, पाणी गढूळ येतं म्हणून ग्रामपंचायतीत भांडणं, या कामांना दर नव्हता. आणि आशा या आद्याक्षरांच्या नावात (Accredited Social Health Activist) ‘कार्यकर्ती’ होती ती नेमकी या कामांसाठी.

या पद्धतीतलं सगळ्यात बोचरं उदाहरण गडचिरोलीच्याच प्रयोगातून आलेल्या कामाचं आहे. २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं हा देशभरातल्या आशांच्या कामाचा भाग झाला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं असेल तर सात. या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. ते कधी मिळणार? बाळाचं जन्मवजन कार्डावर नोंदलेलं असेल, लशी झाल्या असतील, जन्मनोंदणी झाली असेल आणि ४२ व्या दिवशी आई आणि बाळ दोघं सुखरूप असतील तेव्हा. म्हणजे सर्वात जास्त धावपळ जिथे झाली, बाळ हातातून गेलं, त्याच घराचे पैसे मूळ नियमांप्रमाणे अडायचे. असा नियम लिहिताना कोणाच्या मनात क्रौर्य होतं असं मी म्हणणार नाही. प्रोत्साहन भत्त्याचं गणित सरळ पुढे नेलं की ते इथेच येऊन पोचतं.

महाराष्ट्र अभियानाच्या प्राधान्याच्या राज्यांमध्ये नव्हता. त्यामुळे आशा आपल्याकडे आधी आदिवासी भागात आल्या आणि मग उरलेल्या जिल्ह्यांत पसरल्या. शहरी वस्त्यांचा क्रम २०१३ नंतर लागला. आज राज्यात सुमारे ७० हजार आशा आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या साडेतीन हजारांवर गटप्रवर्तक आहेत. या काळात राज्यातली संस्थात्मक बाळंतपणं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मधल्या सुमारे ६५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये जवळपास ९५ टक्क्यांवर गेली. केंद्राच्या जन्म-मृत्यू नमुना नोंदणीच्या आकड्यांप्रमाणे दर लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २००४-०६ मध्ये १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ झाले. रस्ते, १०८ ची रुग्णवाहिका, मुलींचं शिक्षण यांचाही त्यात हात आहे. तरी गाडी दारात आल्यावर त्या बाईसोबत कोण बसलं, याचं उत्तर बहुतेक गावांत एकच आहे.

२०१३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसतात त्या भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनाने शिफारस केली की आशा, अंगणवाडी सेविका वगैरे योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावं, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी. ही शिफारस आजवर अमलात आलेली नाही. त्याच सुमारास केंद्राने नियमित कामांसाठी महिना १,००० रुपये ठरवले: गावातला आरोग्य-पोषण दिवस, आरोग्य केंद्रातली मासिक बैठक, ग्राम समितीची बैठक आणि नोंदवह्या. म्हणजे पगार नाही म्हणता म्हणता मासिक रक्कम आलीच. २०१८ मध्ये ती दुप्पट झाल्याची घोषणा झाली. तपशील पाहिला तर बैठकांचे दर जिथल्या तिथे राहिले होते. नोंदवह्यांचे ५०० होते, त्यांचे १,५०० झाले. वाढ सगळी रकान्यांत गेली होती.

मग कोविड आला. घरोघरी सर्वेक्षण, क्वारंटाइन झालेल्यांवर लक्ष, पुढे ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’. केंद्राने महिन्याला १,००० रुपये जास्तीचे दिले. राज्याने जुलै २०२० पासून आशांना २,००० आणि गटप्रवर्तकांना ३,००० रुपये वाढवले, आणि २०२१ च्या जूनमधल्या संपानंतर पुन्हा थोडी भर पडली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचं म्हटलं होतं. तो निकाल आशांना लागू नाही, पण ‘मानधन म्हणजे वेतन नव्हे’ या भिंतीला त्याने भेग पाडली. संपातल्या भाषणांमध्ये त्याचा उल्लेख येऊ लागला तो यामुळे.

ऑक्टोबर २०२३ च्या संपात पैशांबरोबर ऑनलाइन कामांचाही मुद्दा होता. आपल्याच फोनवर, आपल्याच डेटावर सरकारी आरोग्य कार्डांची नोंदणी का करायची, हा प्रश्न जुन्या सूचनांमध्ये कुठेच सुचलेला नव्हता. संप मिटला तो वाढीच्या आश्वासनावर. शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप झाला, मोर्चे निघाले, आझाद मैदानात मुक्काम पडला. मार्चमधला ५,००० रुपयांचा निर्णय त्यानंतरचा. पुढच्या वर्षी केरळात आशांचं आंदोलन महिनोन्‌महिने चाललं. २०२५ मध्ये केंद्रानेही नियमित कामांची रक्कम २,००० वरून ३,५०० केली.

या सगळ्या वाढी २००५ च्या रचनेवर चढवलेल्या आहेत, तिच्या जागी आलेल्या नाहीत. आज आशाच्या उत्पन्नाचा मोठा भाग दरमहा ठरलेला असतो, तिला वरून कामं लावली जातात, बैठकीला गैरहजर राहिली तर विचारणा होते, अहवाल मागितला जातो. यातलं काय स्वयंसेवेत बसतं, ते संसदेतल्या उत्तरांवरून कळत नाही. तिथे दरवेळी तेच सांगितलं जातं: आशा या स्वयंसेविका आहेत, आणि आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. राज्यं म्हणतात योजना केंद्राची आहे.

गटप्रवर्तकांचा गुंता तर आणखी वेगळा आहे. साधारण वीस-पंचवीस आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या या बायकांमध्ये पदवीधर पुष्कळ आहेत. केंद्राकडून त्यांना मिळणारे पैसे मात्र भेटींच्या हिशोबाने येतात. २०१८ च्या दराप्रमाणे एका भेटीला ३०० रुपये, महिन्याला कमाल वीस भेटी. गाडीभाडं, पेट्रोल सगळं त्यातूनच. प्रवासखर्च वेगळा द्या आणि आम्हाला अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांमध्ये घ्या, ही त्यांची मागणी आशांच्या संपांमध्ये सतत सोबत असते. बातमीच्या मथळ्यात ती सहसा येत नाही.