पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी : पात्रता, कागदपत्रे आणि वापराच्या अटी

जुन्या, जपून ठेवलेल्या गाड्यांच्या नोंदणीसाठी देशभर लागू असणारी वेगळी पद्धत जुलै २०२१ पर्यंत नव्हती आणि राज्याराज्यांतील परिवहन कार्यालये आपापल्या रीतीने हे काम करीत असत. त्या महिन्यात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत दुरुस्ती झाली आणि ‘व्हिंटेज मोटार वाहन’ हा स्वतंत्र वर्ग अस्तित्वात आला. गाडीला पन्नास वर्षे झाली म्हणून ती आपोआप या वर्गात जात नाही. त्यासाठी मालकाला अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करण्यापूर्वी शेवटी दिलेल्या वापराच्या अटी वाचणे फार आवश्यक आहे.

वैयक्तिक वापराच्या दुचाकी आणि चारचाकी गाड्या या नोंदणीस पात्र आहेत. पन्नास वर्षांची मोजणी पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून होते, कारखान्यातून गाडी बाहेर पडल्याच्या तारखेपासून नव्हे. परदेशातून आणलेल्या गाडीलाही हाच हिशेब लागू होतो. पन्नाशीची ही रेषा दरवर्षी पुढे सरकत असल्यामुळे कुर्ल्याच्या कारखान्यातील ‘डुक्कर फियाट’ (जुन्या फियाट ११०० गाडीचे टोपणनाव) केव्हाच पात्र ठरली आहे, तर १९७२ साली बाजारात आलेल्या बजाज चेतकच्या पहिल्या स्कूटरीही आता या वयात आल्या आहेत.

वयापेक्षा दुसरी अट अवघड आहे. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे आणि तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा; चासी (गाडीचा मूळ सांगाडा), बॉडी किंवा इंजिन यांतील बदल हा मोठा फेरबदल समजला जातो. आपल्याकडे पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून जीपमध्ये आणि अँबॅसेडरमध्ये डिझेल इंजिन बसविण्याची एके काळी लाटच होती. अशी गाडी बाहेरून कितीही झळाळत असली, तरी ती या व्याख्येत बसत नाही. याउलट रंग उडालेली, पण मूळ इंजिन शाबूत असलेली गाडी पात्रतेच्या अधिक जवळ असते. म्हणून चासी नंबर आणि इंजिन नंबर जुन्या आरसी बुकाशी जुळतात की नाही, हे अर्ज भरण्याआधी स्वतः पाहावे. चासीवरील अंक गंजाने पुसट झाले असतील तर ती जागा हलक्या हाताने साफ करून घ्यावी. तेथे ग्राइंडर लावल्यास खाडाखोडीचा संशय येतो.

अर्ज फॉर्म २० मध्ये करावयाचा असतो. त्यासोबत विमा पॉलिसी आणि शुल्क लागते. गाडी भारतात पूर्वी नोंदविलेली असल्यास जुने नोंदणी प्रमाणपत्र, तर आयात केलेली असल्यास सीमाशुल्क विभागाची ‘बिल ऑफ एंट्री’ जोडावी लागते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नंतरच्या पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये भरावे लागतात. कागदपत्रे योग्य असल्यास नोंदणी प्राधिकाऱ्याने ६० दिवसांत फॉर्म २३-ए मधील प्रमाणपत्र द्यावे, असा नियम आहे. व्हिंटेज म्हणून झालेल्या पहिल्या नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते.

क्रमांकाविषयी मालकांच्या मनात बरीच धास्ती असते, परंतु ती अनाठायी आहे. पूर्वी नोंदविलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक कायम ठेवता येतो, त्यामुळे ‘एमएच’ मालिका येण्याच्या आधीचे, ‘बीएम’ किंवा ‘एमआर’ने सुरू होणारे तीन अक्षरी क्रमांक बदलावे लागत नाहीत. जुन्या गाडीचा निम्मा रुबाब त्या पाटीतच असतो. नव्याने नोंदविल्या जाणाऱ्या गाडीला मात्र राज्याचे संकेताक्षर, त्यानंतर ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका आणि ०००१ ते ९९९९ यांमधील अंक असा क्रमांक मिळतो. महाराष्ट्रात त्याची सुरुवात ‘एमएच व्हीए’ अशी होते.

आता वापराच्या अटी. व्हिंटेज म्हणून नोंदविलेली गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन किंवा व्हिंटेज रॅलीसाठी, तेथे जाण्या-येण्यासाठी, तसेच इंधन भरण्यासाठी आणि देखभालीसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजचा वापर आणि व्यावसायिक वापर या दोन्हींना मनाई आहे. रविवारी सकाळी कुटुंबासह लोणावळ्याला जाणे या यादीत कोठेही बसत नाही, आणि लग्नाच्या वरातीसाठी गाडी भाड्याने देणे तर उघडच व्यावसायिक वापर होय. ज्यांना आपली फियाट अधूनमधून चालवायची आहे, त्यांनी व्हिंटेज नोंदणीच्या मोहात न पडता फॉर्म २५ भरून नेहमीच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करणेच इष्ट. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी त्याचे शुल्क १०,००० रुपये आणि मोटारसायकलसाठी २,००० रुपये झाले आहे. आयात केलेल्या मोटारीला मात्र याच कामासाठी ८०,००० रुपये पडतात, त्यामुळे केवळ प्रदर्शनात आणि रॅलीत दिसणाऱ्या परदेशी गाडीच्या मालकाला २०,००० रुपयांची दहा वर्षांची व्हिंटेज नोंदणी बरीच स्वस्त पडते.

व्हिंटेज गाडीच्या खरेदी-विक्रीला बंदी नाही. परंतु व्यवहार झाल्यावर विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापल्या परिवहन प्राधिकरणाला तो कळवावा लागतो. घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी नोंदणी व्हिंटेज आहे की सर्वसाधारण, हे प्रमाणपत्रावर पाहून घ्यावे, कारण मूळ क्रमांक कायम राखलेल्या गाडीची पाटी पाहून हा फरक कळत नाही.