स्मॉलबोअर टार्गेट रायफल : मालकी, निगा आणि दोषशोध

स्मॉलबोअर टार्गेट रायफल म्हणजे .२२ लाँग रायफल काडतूस वापरणारी, एका वेळी एकच काडतूस भरायची, ५० मीटरवरील अचूक नेमबाजीसाठीच घडवलेली बोल्ट रायफल, म्हणजे मागचा दांडा (बोल्ट) हाताने ओढून उघडायची आणि बंद करायची रायफल. रेंजवर तिला ‘पॉइंट टू टू’ म्हणतात. शिकारीच्या किंवा संरक्षणाच्या बंदुकीशी तिचे साम्य नावापुरतेच. जड नळी, नेमबाजाच्या गालाला, खांद्याला आणि तळहाताला बसवून घेता येणारा दस्ता, छिद्रातून पाहून नेम धरण्याची डायॉप्टर साइट आणि शंभर-दीडशे ग्रॅमच्या दाबाला सुटणारा दोन टप्प्यांचा ट्रिगर ही तिची ओळख. जर्मनीतील अनशुट्झ, वाल्थर व फाइनवेर्कबाऊ आणि स्वित्झर्लंडमधील ब्लायकर या कंपन्यांच्या रायफली स्पर्धांत जास्त दिसतात.

कोल्हापुरात या रायफलीला जो मान आहे तो महाराष्ट्रातील फार थोड्या शहरांत असेल. इथल्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन (पालथे पडून नेम धरण्याच्या) प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जागतिक विजेतेपद मिळवले. नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे तीन स्थितींतून गोळ्या झाडण्याच्या प्रकारात, सुवर्णपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले. या प्रकारातील भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक. कोल्हापूरच्याच नेमबाज राही सरनोबत यांचे शस्त्र पिस्तूल असले तरी मातीची ओढ तीच. शहरातील दुधाळी रेंजवर एअर रायफलने सुरुवात करून पुढे पॉइंट टू टूकडे वळणाऱ्या मुलामुलींसाठी ही नावे घरातल्या थोरल्या भावंडांसारखी आहेत.

या खेळात अचूकता किती लागते ते आकड्यांतून नीट कळते. लक्ष्यावरील दहाच्या वलयाचा व्यास १०.४ मिमी आणि गोळीचा ५.६ मिमी. गोळी वलयाला नुसती चाटून गेली तरी दहा मिळतात, म्हणजे तिचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिमीपर्यंत सरकलेले चालते. पकडीत आवळलेल्या रायफलीने सर्व गोळ्या, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून, २१ मिमीच्या आत टाकल्या तर यंत्र म्हणून ती एकही दहा चुकवत नाही. अंतिम फेरीत मात्र गुण दशांशांत मोजतात आणि प्रत्येक दशांश ०.८ मिमीचा असतो. कुसाळे यांचे पॅरिसमधील ४५१.४ गुण ४४ गोळ्यांचे होते, सरासरी १०.२६. तेही गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तिन्ही स्थितींत. रायफलीत मिलिमीटरभराचा दोष असला तरी तो गुणपत्रिकेत उतरतो, म्हणून तिच्या मालकाला थोडेफार मेकॅनिकही व्हावे लागते.

काडतूस. .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस, म्हणजे कडेवर आघात करून पेटणारे. त्याला ठिणगीची वेगळी टोपी नसते. ठिणगी देणारे मिश्रण तळाच्या पोकळ कडेत फिरवून बसवलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवर आघात करते. .२२ लाँग रायफल १८८७ पासून वापरात आहे. त्यातील ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी बाहेरून मेणचट वंगणाने माखलेली असते. हे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही. मोठ्या बोअरचा (रुंद नळीच्या रायफलीचा) नेमबाज दारू तोलून आपल्या रायफलीला मानवेल असे काडतूस जुळवून घेतो. स्मॉलबोअरवाल्याला कारखान्याने दिले त्यातूनच निवडावे लागते. म्हणून लॉटची, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या काडतुसांच्या खेपेची, चाचणी हा या छंदाचा कणा आहे. एली टेनेक्स, आरडब्ल्यूएस आर५०, लापुआ अशा उत्तम काडतुसांतही एका लॉटवर जीव टाकणारी रायफल त्याच नावाच्या दुसऱ्या लॉटवर रुसते. खोक्यावरचा लॉट क्रमांक हा त्यावरच्या नावाहून मोलाचा असतो, आणि मानवलेला लॉट सापडला की परवान्यावर बसेल तेवढा एकदम घ्यावा.

स्पर्धेची काडतुसे मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाने जाणारी असतात. या वेगाने गोळी ५० मीटरवर सुमारे १२ सेंमी खाली येते. एखाद्या काडतुसाचा वेग १० मीटर प्रति सेकंदाने कमी भरला तर गोळी आणखी सुमारे ७ मिमी खाली लागते. ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका, उभा लांबलेला आणि आडवा मात्र आवळलेला दिसला तर आधी काडतुसावर आणि श्वासावर संशय घ्यावा, नळीवर नव्हे. आडव्या वाऱ्याचेही तसेच आहे. ताशी साडेतीन किलोमीटरची, गालाला जेमतेम जाणवणारी झुळूकसुद्धा गोळीला सुमारे ४ मिमी सरकवते. उघड्या रेंजवर दुपारी वारा फिरू लागला की घेतलेल्या चाचण्यांना अर्थ उरत नाही. लॉट तपासायचे तर सकाळीच.

परवाना. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार या रायफलीला परवाना लागतो. कोल्हापुरात तो जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकारी देतात. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली आणि सामान्य परवानाधारकाची शस्त्रमर्यादा दोनवर आली. खेळाडूंना त्यांच्या दर्जानुसार वेगळी सवलत आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे.

एक गोष्ट कोल्हापूरकरांसाठी खास सांगायला हवी. उद्यमनगर आणि शिरोली या औद्योगिक वसाहतींत लेथवर काय वाट्टेल ते बनवून देणारे हात आहेत, आणि रायफलीचा एखादा भाग तिथेच करून घ्यावा हा मोह साहजिक आहे. दस्त्याचे बट-प्लेट सरकवायचा दांडा, हातटेकूचा स्पेसर, वजनाची पितळी चकती, साफसफाईसाठी रायफल धरणारा लाकडी घोडा ही कामे तिथे उत्तम होतात, कधी परदेशी मालापेक्षा सरस. नळी, बोल्ट, फायरिंग पिन आणि ट्रिगरला मात्र तिथे हात लावू देऊ नये. शस्त्र दुरुस्त करायला कायद्याने वेगळा परवाना लागतो, आणि शतांश मिलिमीटरात बसवलेला भाग ‘जरा घासून’ परत आला तर तो पूर्ववत होत नाही.

दोषशोध. ग्रुप फुटला की बहुतेक जण नळीला दोष देतात. प्रत्यक्षात नळी हा बहुधा शेवटचा आरोपी निघतो. चांगल्या नळीतून हजारो गोळ्या गेल्या तरी तिला काही होत नाही. सैल झालेला स्क्रू मात्र एका सामन्यात घात करतो.

पहिली तपासणी ॲक्शन स्क्रूंची. दस्त्याला ॲक्शन, म्हणजे बोल्ट आणि ट्रिगर बसवलेला रायफलीचा मधला पोलादी भाग, धरून ठेवणारे दोन, काही नमुन्यांत जास्त, स्क्रू टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या पिळाला थांबणाऱ्या पान्याने) आवळायचे. उत्पादकाने दिलेला पीळ, अनेक ॲल्युमिनियम दस्त्यांसाठी सुमारे ५ न्यूटन-मीटर, तंतोतंत पाळायचा. हाताच्या अंदाजाने आवळलेली रायफल आज एक आणि उद्या दुसरे बोलते. लाकडी दस्ता असेल तर पावसाळ्यात त्याकडे दुप्पट लक्ष द्यावे लागते. जून ते सप्टेंबर हवा ओलसर असते, अक्रोडाचे लाकूड ओल पिऊन फुगते आणि ॲक्शनवरचा दाब बदलतो. मेमध्ये बसवलेला झीरो (नेम आणि गोळी यांचा मेळ) जुलैत दोन वलये सरकलेला दिसला तर साइटचे क्लिक (समायोजनाचे टप्पे) फिरवण्याआधी रेंच हातात घ्यावा.

दुसरी तपासणी साइटची. मागच्या डायॉप्टरचा पाया रुळावर घट्ट आहे का आणि पुढच्या साइटच्या बोगद्यातली रिंग हलते का ते पाहायचे. मग चौकोनी चाचणी करायची: एक गोळी झाडून दहा क्लिक वर, पुढची गोळी, दहा उजवीकडे, पुढची, दहा खाली, पुढची, दहा डावीकडे. शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी आली नाही तर साइटच्या आट्यांत ढिलाई आहे. अशी साइट सामन्याच्या मधोमध नेमबाजाचा आत्मविश्वास खाते, कारण तो स्वतःला दोष देत बसतो.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित तपासणी चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाच्या, तोंडाची. या रायफलींचे चेंबर इतके आवळ असते की बोल्ट बंद होतानाच गोळी नळीच्या खाचांत शिरते. चेंबर संपते तिथे जळलेल्या दारूचा आणि वंगणाचा कडक थर वलयासारखा साचतो. नळीतून नुसते फेल्ट (साफसफाईचा लोकरी गोळा) ओढून तो निघत नाही. लक्षणे ठरलेली: बोल्ट बंद करताना किंचित जोर लागतो, रिकामी पुंगळी चिकटून बाहेर येते आणि एकसंध ग्रुपमधून मधेच एखादी गोळी उडते. उपाय म्हणजे मागच्या बाजूने, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून, कार्बन सोडवणाऱ्या द्रवात भिजवलेला ब्रॉन्झचा ब्रश चेंबरच्या तोंडाशी थोडा वेळ फिरवणे आणि मग कोरडे फेल्ट ओढणे. रॉड पुढून घालू नये. नळीच्या पुढच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, एका बाजूला घासली की गोळी बाहेर पडताना वायू तिच्याभोवती असमान निसटतो, आणि ही इजा साफसफाईने भरून येत नाही. साफ केल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या इकडेतिकडे जाणे साहजिक आहे, नळीला वंगणाचा नवा थर चढू द्यावा लागतो. म्हणून सामन्याच्या आदल्या रात्री चकाचक साफ केलेली रायफल सकाळी थेट गुणांच्या गोळ्यांना लावू नये.

मिसफायर झाला, म्हणजे ट्रिगर दाबूनही गोळी सुटली नाही, तर रायफल लक्ष्याकडे रोखूनच अर्धा मिनिट थांबायचे आणि मग बोल्ट उघडायचा. बाहेर आलेले काडतूस फेकू नये, उजेडात धरून त्याची कड पाहावी. पिनेचा ठसा खोल आणि कडेपर्यंत स्वच्छ असेल तर दोष बहुधा काडतुसाचा: त्या ठिकाणी कडेत मिश्रण पोचलेले नाही. ठसा उथळ असेल तर पिनेची स्प्रिंग दमली आहे किंवा बोल्टमध्ये घट्ट झालेले जुने तेल पिनेला अडवते आहे. थंडीच्या पहाटे होणारे मिसफायर अनेकदा या तेलामुळे होतात. बोल्टच्या आत तेलाचा बोट फिरवल्याइतकाच लेप असावा. ठशाची जागा दर वेळी बदलत असेल तर पिन जाणकार शस्त्रकारीगरालाच दाखवावी. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबून सराव (ड्राय फायर) करण्याची सवयही सोडावी. चांगल्या ट्रिगरला ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती वापरावी, नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे बारीक खोबण पाडू शकते आणि पुंगळ्या अडकू लागतात.

ट्रिगरबाबत फार हात चालवू नये. पहिला टप्पा हरवला किंवा दाब दर गोळीला वेगळा वाटू लागला तर धूळ आणि वंगण हे पहिले कारण. ट्रिगरच्या आत तेलाचा स्प्रे मारणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. ते तेल धूळ धरते आणि दाब आणखी बिघडतो.

या साऱ्यात एक शिस्त अटळ आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लॉट, पीळ, साइट आणि स्लिंग (हाताला आधार देणारा पट्टा) एकाच संध्याकाळी बदलले तर ग्रुप सुधारूनही कारण कळत नाही. रायफल टेकूवर ठेवून, त्याच लॉटने, दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप नशिबानेही पडतो. तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर रायफल दुसऱ्या नेमबाजाच्या हाती द्यावी. त्याच्याकडून ती नीट चालली तर दोष पवित्र्यात आहे, आणि हे ऐकून घेणे स्क्रू आवळण्याहून कठीण असते.

साठवण. गंज हा इथला मोठा शत्रू. रेंजवरून आल्यावर घामट हात लागलेल्या सर्व पोलादी भागांवरून तेलाचे फडके फिरवावे. फोमच्या केसमध्ये रायफल महिनोन्‌महिने ठेवू नये, फोम ओल धरून ठेवतो. कुलूपबंद कपाटात, सिलिका जेल घालून, बोल्ट वेगळा ठेवणे उत्तम. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, म्हणून सखल भागात राहणाऱ्याने हे कपाट वरच्या मजल्यावरच ठेवावे. काडतुसेही सावलीत ठेवायची, कारण उन्हात तापलेल्या गाडीत वंगण मऊ होते आणि त्याला वाळूचे कण चिकटतात.

जुनी रायफल विकत घेताना दस्त्याच्या चकाकीला भुलू नये. नव्या आयात रायफलीची किंमत लाखांत जाते, त्यामुळे जुन्यांना मागणी असते. आधी परवान्यावरील क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे, मग भिंगाखाली क्राउन, मग चेंबरच्या कडेवर पिनेची खूण आहे का, मग एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याची, धार. शेवटी मालकाच्या काडतुसांनी नव्हे, तर आपण आणलेल्या दोन वेगळ्या लॉटनी ती झाडून पाहावी.