स्पेनमधला 'थ' बोबड्या राजाचा नाही

माद्रिदला राहायला आलं की लवकरच कुणीतरी ही गोष्ट ऐकवतं: एक राजा बोबडं बोलायचा, दरबाऱ्यांनी त्याची नक्कल केली, म्हणून इथे 'ग्रासियास' (म्हणजे धन्यवाद) न म्हणता 'ग्राथियास' म्हणतात. मलाही ती ऐकवली गेली आणि मी ती पुढे सांगितलीही. ती खरी नाही.

नक्कलच असती तर सगळेच 'स' बदलले असते. पण इथे 'कासा' म्हणजे घर आणि 'काथा' म्हणजे शिकार, दोन्ही उच्चार स्वच्छ वेगळे. (हा 'थ' आपल्या 'थंड'मधला नव्हे, जीभ दातांत धरून हवा सोडायची.) शिवाय ज्याला बखरकाराने किंचित बोबडा म्हटलंय तो कास्तिया या जुन्या स्पॅनिश राज्याचा राजा पेद्रो १३६९ मध्येच मारला गेला. हा उच्चार घडला १६व्या-१७व्या शतकांत.

खरं कारण मराठी कानाला चटकन पटेल. जुन्या कास्तियनमध्ये, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, या जागी आपल्या 'चाक'मधल्या 'च'सारखा ध्वनी होता. तो झिजत गेला. उत्तरेत त्याचा 'थ' झाला, सेव्हिया शहरात तो 'स'मध्ये मिसळला. अमेरिका खंडाकडे जाणारी जहाजं सेव्हियाहून सुटत, म्हणून मेक्सिकोत आजही 'ग्रासियास'च ऐकू येतं. त्याला अशुद्ध म्हणणं मला मुळीच पटत नाही.