तज्ज्ञ प्रणाली (संस्थांमधील उपयोग)

एखाद्या मर्यादित क्षेत्रातील जाणकाराचे ज्ञान ‘जर… तर’ स्वरूपाच्या नियमांत साठवून त्यांच्या आधारे निष्कर्ष काढणारी संगणक-प्रणाली. उद्योगसंस्थांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा पहिला मोठा प्रयोग या प्रणालींच्या रूपाने, साधारणपणे १९८० नंतरच्या दशकात झाला. यंत्राला माणसाच्या जागी बसवावे की त्याच्यासाठी कामाचीच घडी बदलावी, या आजच्या वादाची बरीचशी पूर्वपीठिका या प्रयोगात आढळते.

उगम : याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार मूळ हर्बर्ट सायमन या अमेरिकन प्रशासन-अभ्यासकाच्या विचारात आहे. माणसाची विवेकशक्ती मर्यादित असल्याने संस्था सर्वोत्तम नव्हे, तर पुरेशा समाधानकारक पर्यायावर थांबतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४७ मध्ये प्रशासनातील निर्णयप्रक्रियेवर ग्रंथ लिहिणाऱ्या सायमन यांनीच १९५५-५६ च्या सुमारास ॲलन न्यूएल व क्लिफ शॉ यांच्यासह ‘लॉजिक थिअरिस्ट’ हा तर्कशास्त्रातील प्रमेयांची सिद्धता शोधणारा प्रोग्राम रचला. दुसऱ्या मतानुसार आरंभ स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘डेंड्रल’पासून धरावा. द्रव्यमान वर्णपटावरून (रेणूच्या तुकड्यांची वस्तुमाने दाखवणाऱ्या आलेखावरून) कार्बनी रेणूंची संरचना ओळखणारी ही प्रणाली एडवर्ड फायगेनबाउम, जोशुआ लेडरबर्ग, ब्रूस ब्युकॅनन आणि कार्ल जेरासी यांनी विकसित केली. तिचे वर्ष सहसा १९६५ देतात. तथापि रेणूंच्या संभाव्य रचना पद्धतशीर मांडण्याची लेडरबर्ग यांची रीत त्याच्या किंचित आधीची आहे. फायगेनबाउम हे सायमन यांचेच विद्यार्थी असल्याने दोन्ही मतांतील अंतर दिसते तितके नाही. तरीही दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण सायमन-न्यूएल यांचा भर कोठेही लागू पडणाऱ्या शोधपद्धतींवर होता, तर तज्ज्ञ प्रणालीचे बळ त्या-त्या विषयाच्या खास ज्ञानात असते.

रचना : ज्ञानाधार (नियमांचा साठा) आणि अनुमान यंत्रणा (ते नियम लावून निष्कर्ष काढणारा भाग) हे दोन भाग परस्परांपासून वेगळे ठेवलेले असतात. रक्तातील जंतुसंसर्गाचे निदान व औषधयोजना सुचवणाऱ्या ‘मायसिन’मध्ये (१९७० नंतरची काही वर्षे, एडवर्ड शॉर्टलिफ) अनुमान संभाव्य निष्कर्षाकडून पुराव्याकडे, म्हणजे उलट दिशेने चाले. प्रत्येक नियमाला निश्चिततेचा गुणांक जोडलेला असे. एकाच निष्कर्षाला ०.६ आणि ०.५ असे दोन अनुकूल आधार मिळाले, तर एकत्रित गुणांक ०.६ + ०.५ × (१ − ०.६) म्हणजे ०.८ होई. ही रीत संभाव्यताशास्त्राला धरून नसल्याचा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो बव्हंशी योग्य आहे. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तज्ज्ञ परीक्षकांनी मायसिनचे ६५ टक्के सल्ले स्वीकारार्ह मानले. त्याच कसोटीवर पाच प्राध्यापक-डॉक्टरांचे प्रमाण ४२.५ ते ६२.५ टक्के भरले. इतके असूनही मायसिन रुग्णालयाच्या नित्य वापरात कधीच आली नाही.

एक्सकॉन : डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही अमेरिकन कंपनी आपले व्हॅक्स संगणक ग्राहक मागेल तसे सुटे भाग निवडून विकत असे. मागणीपत्रात एखादी केबल वा जोडपट्टी राहून गेली, तर यंत्र उभे राहत नसे. म्हणून जाणकार तंत्रज्ञ प्रत्येक मागणीपत्र हाताने तपासत. हे काम करण्यासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ पासून ‘आर१’ ही प्रणाली रचली. कंपनीत ती ‘एक्सकॉन’ नावाने १९८० च्या सुमारास कामाला लागली. मायसिनच्या उलट ही हाती असलेल्या माहितीकडून निष्कर्षाकडे जाई : आधी मागणीपत्रातील उणिवा भरायच्या, मग भाग कपाटांत बसवायचे, मग जमिनीवरील मांडणी आणि शेवटी केबलजोडणी. पुढचे पाऊल ठरवण्यापुरती माहिती प्रत्येक टप्प्यावर हाती असल्याने सहसा मागे फिरावे लागत नसे, आणि तिच्या यशाचे हेच तांत्रिक मर्म होय. नियम सुरुवातीला काही शेकडा होते, ते पुढे काही हजारांवर गेले. नवी उपकरणे बाजारात येत राहिल्याने दरवर्षी त्यांतील सुमारे निम्मे बदलावे लागत, असे १९८७ च्या सुमारास नोंदवले गेले. तज्ज्ञाचे ज्ञान मुलाखतींतून एकदा ‘काढून’ घेतले की झाले, ही समजूत येथेच ढासळली.

विक्री प्रतिनिधींसाठी केलेल्या ‘एक्ससेल’ या भावंड-प्रणालीला मात्र तसा प्रतिसाद मिळाला नाही. याच धर्तीच्या एका प्रणालीचा, कंपनीचे खरे नाव न देता, लिन मार्कस व मार्क कील यांनी १९९४ मध्ये अभ्यास मांडला. प्रतिनिधींचा मोबदला विक्रीच्या रकमेवर ठरे, मागणीपत्राच्या अचूकतेवर नव्हे. मग अचूकतेसाठी वेळ कोण घालवणार? डॉरोथी लेनर्ड-बार्टन यांनी १९८८ मध्ये तंत्र आणि संस्था एकमेकांना घडवतात, अशी ‘परस्पर अनुकूलना’ची कल्पना मांडली. अपयशाचे खापर केवळ नियमांच्या ठिसूळपणावर फोडणाऱ्या स्पष्टीकरणांपेक्षा हा विचार अधिक पटणारा आहे.

उत्तरकाल : अनेक तज्ज्ञ प्रणाली ज्यांवर चालत, त्या लिस्प या संगणकभाषेसाठीच्या खास संगणकांची बाजारपेठ १९८७ नंतर कोसळली. भाषा-प्रतिमानांच्या (चॅटजीपीटी इ.) काळात यंत्र माणसाच्या जागी बसवावे की कामाची घडी बदलावी, हा प्रश्न नव्या रूपात आला आहे. एरिक ब्रिन्यॉल्फसन व सहकाऱ्यांच्या २०२३ मधील अभ्यासात ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांची उत्पादकता सरासरी १४ टक्के, तर नवख्यांची ३४ टक्के वाढल्याचे आढळले. अनुभवींना फारसा लाभ झाला नाही. मुरलेल्यांचे कसब मुलाखती न घेताच नवख्यांपर्यंत पोहोचते, असे लेखकांनी त्यावरून सुचवले आहे. त्याच वर्षी ७५८ व्यवस्थापन सल्लागारांवरील प्रयोगात, यंत्राच्या आवाक्याबाहेरच्या मुद्दाम निवडलेल्या कामात त्याची मदत घेणाऱ्यांच्या बरोबर उत्तरांचे प्रमाण १९ टक्के-बिंदूंनी कमी भरले.

भारतात १९८६ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधिष्ठित संगणक-प्रणालींचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. त्यात तज्ज्ञ प्रणालींचे काम मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडेही होते; ‘विद्वान’ हा प्रणाली-सांगाडा (हव्या त्या विषयाचे नियम भरून वापरायची तयार चौकट) तेथेच तयार झाला. या विषयावरील परिषद डिसेंबर १९८९ मध्ये मुंबईत भरली. हे केंद्र पुढे सी-डॅक (प्रगत संगणन विकास केंद्र) या सरकारी संस्थेत विलीन झाले.