गांधीजींचा अणुबॉम्ब आणि २५५ ची दंतकथा

राजधानीला दिल्लीऐवजी जळगाव किंवा भुसावळ असे नाव देऊन ‘सिव्हिलायझेशन’ हा साम्राज्य उभारण्याचा संगणकीय खेळ खेळणाऱ्या खान्देशी मंडळींत एक कथा हमखास ऐकू येते. १९९१ च्या मूळ खेळात भारताचे नेते म्हणून संगणक खेळवत असलेल्या गांधींच्या आक्रमकतेचा आकडा १ होता, त्यांनी लोकशाही स्वीकारताच तो २ ने घटला आणि ० ते २५५ एवढेच आकडे मावत असल्याने, उणे आकडा न पेलून, संगणकाने तो थेट २५५ केला, त्यामुळे अहिंसेचा पुजारी अणुबॉम्ब टाकत सुटला, अशी ती कथा.

कथा झकास आहे, पण खरी नाही. खेळाचे जनक सिड मायर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात ती स्पष्टपणे नाकारली आहे. त्या प्रोग्राममधील आकड्यांना उणे किंमत सहज चालत होती, त्यामुळे १ मधून २ गेले असते तरी उणे १ च उरले असते. शिवाय ‘आमच्या शब्दांमागे अण्वस्त्रांचे बळ आहे’ ही धमकी खेळातील प्रत्येक नेता, अगदी लिंकनसुद्धा, देत असे. गांधींच्या तोंडी ती विसंगत वाटल्यामुळेच खेळाडूंच्या ध्यानात राहिली. त्यातच संगणकाचा भारत विज्ञानाकडे अधिक झुकत असल्याने अण्वस्त्रांपर्यंत लवकर पोहोचे.

आग नव्हतीच, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१० च्या पाचव्या भागात त्याचे मुख्य रचनाकार जॉन शेफर यांनी गांधींच्या अण्वस्त्रवापराचा कल मुद्दामच, गंमत म्हणून, १० च्या मोजपट्टीवर १२ ठेवला होता. पाचव्या भागातील हा खट्याळपणा पहिल्या भागाच्या माथी मारणे माझ्या मते अन्यायाचे आहे.