एकहाती नौकानयन

शिडाची लहान नौका एकट्याने हाकण्याची पद्धत. दोघे असले तरी एक झोपलेला असताना दुसरा एकटाच असतो, म्हणून त्यांनाही ही पद्धत लागू पडते. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून चार बंदरे घेत पृथ्वीप्रदक्षिणा केली, एकट्याने ती करणारे ते पहिले भारतीय.

एकट्या नाविकाला सुकाणू सोडून नकाशावर वाकायला फार वेळ मिळत नाही. त्यामुळे दिशा, अंतरे, भरती-ओहोटीच्या वेळा आणि पर्यायी बंदरे किनाऱ्यावरच एका कागदावर उतरवून तो सुकाणूपाशी ठेवतात. सर्वांत उपयोगी युक्ती म्हणजे सुरक्षित दिशारेषा. कोकण किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना पुढच्या दीपगृहाची दिशा, समजा, ०२० अंशांपेक्षा (उत्तरेपासून पूर्वेकडे २० अंश) कमी होऊ द्यायची नाही, एवढे आधी ठरवायचे. ती कमी झाली की नौका पूर्वेला, खडकांकडे सरकली. मग नकाशा न उघडता हाती धरायच्या होकायंत्राने पाहिले तरी पुरते. मात्र होकायंत्राजवळ मोबाइल किंवा स्पीकर ठेवला तर सुई ढळते. जीपीएस असले तरी दर तासाला वेळ, स्थान, दिशा, वेग व खोली वहीत लिहावी. उपकरण बंद पडल्यास तिथूनच हिशेब पुढे नेता येतो. ५ नॉट (ताशी ५ सागरी मैल) वेगाने ६ मिनिटांत अर्धा सागरी मैल कापला जातो.

झोप तुकड्यांत घ्यावी लागते. समोरून २० नॉटने येणारे जहाज आणि ५ नॉटने जाणारी नौका २० मिनिटांत ८ सागरी मैलांहून अधिक जवळ येतात. धुरकट हवेत तेवढे दिसतही नाही, म्हणून जहाजांच्या वाटेवर झोपू नये.

शिडाचा खालचा भाग दुमडून ते लहान करण्याचा विचार मनात आला की तेव्हाच करावे; वारा वाढल्यावर त्याच कामाला दुप्पट ताकद लागते. आधी शिडाचा पुढचा कोपरा अडकवावा, मग मागचा ताणावा. क्रम उलटला तर कापड फाटू शकते. डेकवर जाताना स्वतःला नौकेशी बांधणारा पट्टा आखूडच हवा, कारण पाण्यात पडलेल्याला वर ओढायला कोणी नसते.

आत्मविश्वास येतो तो शांत बंदरात, दिवसाउजेडी हीच कामे पुन्हा पुन्हा करून. त्यात नौका थोपवून धरणे आधी शिकावे: पुढचे शीड वाऱ्याकडे उलटे ताणायचे, सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधायचा. नौका जवळपास थांबते. खायला, विचार करायला उसंत मिळते. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे पावसाळ्यात जागा बदलतात. अंधारात तिथे शिरण्यापेक्षा बाहेर खोल पाण्यात नौका अशी थोपवून उजाडण्याची वाट पाहावी आणि भरती चढत असताना आत यावे, म्हणजे तळ टेकला तरी वाढते पाणी नौका उचलते.