रक्तगट आडवा येतो, तो लाल पेशींमुळे

केमोथेरपीनंतर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, रक्तातून जवळजवळ नाहीशा होतात. त्यांची संख्या जितकी खाली जाईल आणि जितके दिवस खाली राहील, तितका संसर्गाचा धोका वाढतो, हे जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं. मग दुसऱ्याच्या पेशी का देऊ नयेत?

पहिली अडचण संख्येची. निरोगी माणसाच्या एका बाटली रक्तातल्या न्यूट्रोफिल मोठ्या माणसाला पुरत नाहीत. म्हणून अमेरिकेत कर्करोगतज्ज्ञ एमिल फ्रायराइख यांनी सुरुवातीला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांकडूनच पेशी घेतल्या, कारण त्यांच्या रक्तात त्या कैक पटींनी असतात. आयबीएममधले इंजिनिअर जॉर्ज जडसन यांच्या मुलाला ल्युकेमिया झाला होता. त्यांनी फ्रायराइख यांच्याबरोबर रक्त फिरतं ठेवून पेशी वेगळ्या काढणारं यंत्र बनवलं. आजची अफेरेसिस यंत्रं त्याच वाटेवरची.

पण या यंत्रात न्यूट्रोफिलचा थर लाल पेशींना अगदी चिकटून बसतो, त्यामुळे पिशवीत लाल रक्त उतरतंच. ए गटाच्या त्या लाल पेशी ओ गटाच्या रुग्णात गेल्या तर फुटतात आणि जिवावर बेतू शकतं. म्हणूनच पिशवीत २ मिलिलिटरपेक्षा जास्त लाल पेशी असतील तर क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकत्र करून पाहण्याची चाचणी, जुळलाच पाहिजे, असा अमेरिकी रक्तपेढ्यांचा दंडक आहे.

यात पांढऱ्या पेशींचा दोष किती? माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच. १९८८ मध्ये जेफ्री मॅकलॉ यांच्या गटाने किरणोत्सारी इंडियम लावलेल्या पेशींचा माग काढला. एबीओ रक्तगट (ए, बी, ओ) न जुळणाऱ्या माणसातही त्या टिकल्या आणि दाहाच्या जागी पोहोचल्या. खरा अडसर ठरतात त्या रुग्णाच्या रक्तातल्या, पांढऱ्या पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी.

म्हणजे रक्तगटापुरतं बोलायचं तर लाल पेशी काढून टाकल्या की काम झालं. त्यासाठी हायड्रॉक्सीएथिल स्टार्च उपयोगी पडतो: त्याने लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटून जड होतात. पिशवी स्थिर टांगली की त्या तळाला बसतात आणि वरचा न्यूट्रोफिलचा भाग काढून घेता येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी ही पद्धत २०१० मध्ये प्रसिद्ध केली. (दात्याच्या लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींनी रुग्णावर उलटू नये म्हणून पिशवीला किरणोत्सर्ग द्यावा लागतो, तो वेगळाच.)

या खटाटोपाला कारण आहे. या पेशी २४ तासांच्या आत द्याव्या लागतात, साठवून ठेवता येत नाहीत. १९९० च्या दशकापासून दात्याला आदल्या दिवशी न्यूट्रोफिल वाढवणाऱ्या जी-सीएसएफचं इंजेक्शन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन कितीतरी जास्त पेशी मिळवता येऊ लागल्या, पण त्यासाठी दाता तर हवा! गट जुळणाराच हवा म्हटलं की तयार असलेला सख्खा भाऊसुद्धा बाद होतो. अशा पेशी देऊन रुग्णाला फायदा होतो का, हे तपासणाऱ्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिंग नावाच्या चाचणीत ११४ रुग्ण होते. एकूण निकालात फायदा दिसला नाही, मात्र ठरवलेला डोस सगळ्यांना मिळाला नव्हता, आणि ज्यांना भरपूर पेशी मिळाल्या त्यांची प्रकृती कमी पेशी मिळालेल्यांपेक्षा बरी राहिली.